१२० फुटांचं भांडण: लाँग टॉस आणि लहान पोरांचं कोपर

आजचा विषय बेसबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका. क्रिकेटवेड्या माणसाने बेसबॉलवर एपिसोड का केला, ते आधी सांगतो.

माझी ताई न्यू जर्सीत राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, तिथल्या लिटल लीगमध्ये पिचर आहे. पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त रनअप नाही आणि कोपर वाकवायला पूर्ण परवानगी. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "मामा, तू तीनशे फूट बॉल टाकू शकतोस?" म्हटलं, "अरे, मी बाल्कनीतून टाकलेली किल्लीसुद्धा खाली धड पोचत नाही." तो हसला. तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "त्याला विचार, कोपर दुखतंय ते कोचना सांगितलं का." पोरगा एकदम गप्प.

त्या रात्री मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम सोडून हेच वाचत बसलो. आणि कळलं, की हे तीनशे फुटांचं प्रकरण साधं नाही. त्यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण चालू आहे.

आधी अंतरांचा अंदाज घेऊ. आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट. बेसबॉलमध्ये मोठ्यांचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो, आणि लिटल लीगमधली भाच्याच्या वयाची मुलं ४६ फुटांवरून. लाँग टॉस म्हणजे याच्या दुप्पट, तिप्पट, कधी पाचपट लांब उभ्या असलेल्या जोडीदाराकडे बॉल फेकण्याचा सराव. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बाउंड्री जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे २७० फूट. तीनशे फूट त्याच्याही बाहेर.

आता मागे जाऊ, १९७४ मध्ये. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा टॉमी जॉन नावाचा डावखुरा पिचर. जुलैमध्ये एका सामन्यात फेकताना त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं. त्या काळात पिचरसाठी ही दुखापत म्हणजे करिअर संपल्यासारखंच. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. अशी शस्त्रक्रिया पिचरवर त्याआधी झालीच नव्हती. १९७५ चा पूर्ण सीझन गेला. १९७६ मध्ये टॉमी जॉन परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावावरच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज या शस्त्रक्रियेलाच 'टॉमी जॉन सर्जरी' म्हणतात.

पण नवं कोपर बसवलं म्हणून दुसऱ्या दिवशी जोरात फेकता येत नाही. हात हळूहळू कामाला लावावा लागतो. त्यासाठी डॉक्टर आणि फिजिओ लोकांचे पायऱ्या-पायऱ्यांचे कार्यक्रम रूढ झाले. त्यांना इंटरव्हल थ्रोइंग प्रोग्राम म्हणतात. आधी ४५ फूट, मग ६०, ९०, १२०, १५०, १८०. मध्ये विश्रांतीचे दिवस. एखाद्या पायरीवर दुखलं, तर एक पायरी मागे या. म्हणजे अंतर हे इथे औषधाच्या डोससारखं होतं.

पुढे बऱ्याच व्यावसायिक क्लबांनी आपल्या धडधाकट पिचरनाही १२० फुटांची मर्यादा घातली. विचार सरळ होता: एकेका पिचरवर लाखो डॉलर लागलेत, उगाच धोका कशाला?

याला विरोध करणाऱ्यांमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव कॅलिफोर्नियातल्या ॲलन जेगर यांचं. त्यांचं म्हणणं असं, की १२० फुटांचा आकडा आजारी हातासाठी ठीक आहे, तो निरोगी हाताला का लावता? हाताला रोज थोडं जास्त लांब जायची सवय लावली, तर तो मोकळा होतो आणि बळकटही. त्यांच्या पद्धतीत दोन टप्पे आहेत. आधी सैल हाताने, उंच कमान काढत लांब-लांब जायचं. मग जोडीदाराकडे परत चालत येताना तेवढाच जोर लावून बॉल सरळ, खालून काढायचा. यात आजचं अंतर कोचने ठरवायचं नाही, हात सांगेल तिथे थांबायचं. २००२ चा साय यंग पुरस्कार मिळवणारा बॅरी झिटो हा त्यांच्याकडे सराव करणाऱ्यांपैकी एक.

मग आलं २०११. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रेव्हर बाउअर आणि चौथ्यावर डिलन बंडी निवडले गेले. दोघंही लांब फेकण्यासाठी ओळखले जाणारे. म्हणजे क्लबांना आता अशी मुलं घ्यावी लागत होती, जी लाँग टॉस सोडायला तयार नव्हती. २०१३ मध्ये बंडीची टॉमी जॉन सर्जरी झाली, बाउअर मात्र वर्षानुवर्षं फेकत राहिला. आता तुम्ही कुठल्या बाजूचे आहात त्यावर यातलं एक उदाहरण उचला आणि भांडा! आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो, दोन युजरच्या फीडबॅकवर प्रॉडक्ट बदलू नये. हेही तसंच.

त्याच वर्षी ग्लेन फ्लायसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडणात मोजपट्टी आणली. १७ निरोगी कॉलेज पिचर घेतले. त्यांना नेहमीसारखं पिच करायला लावलं, मग ३७ मीटर, ५५ मीटर आणि शेवटी जमेल तितकं लांब फेकायला लावलं. ३७ मीटर म्हणजे साधारण आपले १२० फूट. निकाल काय? सरळ रेषेत, जोरात फेकलेले बॉल पिचिंगसारखेच निघाले. पण जास्तीत जास्त लांब फेकताना कोपरावर आणि खांद्यावर पिचिंगपेक्षाही जास्त ताण आला. म्हणजे लाँग टॉस हा 'हलका सराव' नाही. आणि हे कॉलेजच्या पोरांबद्दल होतं, अकरा वर्षांच्या मुलाबद्दल नव्हे.

लहान मुलांचा इतिहास वेगळा आणि जास्त जुना आहे. 'लिटल लीगर्स एल्बो' हे नाव वैद्यकीय लिखाणात १९६० मध्येच आलं. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ग्रोथ प्लेट. ती लिगामेंटपेक्षा कच्ची. मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट तुटतं, तिथे मुलाचं हाडच त्या जागी ओढलं जातं. म्हणून मोठ्यांचा कार्यक्रम छोटा करून मुलांना देणं पुरेसं नाही.

मग मुलांना नेमकं काय घातक ठरतं? २००६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ९५ तरुण पिचरची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली. हात थकलेला असतानाही नेहमी पिच करत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. २०११ मध्ये आणखी एक अभ्यास आला: ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांचा दहा वर्षं मागोवा. वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका ३.५ पट. दोन्हीकडे मुद्दा तोच: किती टाकलं आणि थकल्यावर थांबलं का.

लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी पिच मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांसाठी दिवसाला ८५. आजच्या नियमात ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. चांगलाच नियम आहे. पण त्यात मोजले जातात फक्त सामन्यातले पिच. वॉर्मअप मोजत नाहीत. सरावातला लाँग टॉस मोजत नाहीत. घरामागे बाबांबरोबर टाकलेले मोजत नाहीत. स्कोअरबोर्डवर साठ, आणि कोपराच्या हिशोबात दोनशे! १२० की ३०० या वादात हा हिशोब बाजूलाच राहिला.

मी शाळेत मीडियम पेस टाकायचो. खांदा दुखायचा, सांगायचो नाही. सांगितलं तर पुढच्या मॅचला बाहेर बसावं लागेल, ही भीती. म्हणून भाच्याचं गप्प बसणं मला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी परत फोन केला. म्हटलं, "तीनशे फूट राहू दे. काल एकूण किती बॉल टाकलेस, सगळे धरून?" तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. "मामा, खूप झाले रे." मग हळूच म्हणाला, "थोडं दुखतं. चौथ्या इनिंगपासून." हे त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. ताईने त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. निदान: ग्रोथ प्लेटवर ताण. सहा आठवडे फेकणं बंद, नंतर ४५ फुटांपासून सुरुवात. वेळेत आलात, एवढं डॉक्टर म्हणाले.

आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. सामना, सराव, अंगण, सगळे बॉल त्यावर लिहायचे, आणि शेवटच्या रकान्यात 'दुखलं का?' हो किंवा नाही. सध्या तो कागद कोराच आहे, आणि भाचा माझ्यावर रुसलाय.

तुमच्या घरात, सोसायटीत कुणी पोरगं रोज नेटमध्ये बोलिंग टाकत असेल, तर आज त्याला हे विचारा. चिडून नको, सहज विचारा. आणि उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!