साहेब व्हीसीत आहेत

मुठेखोऱ्यातल्या मुठा गावाचा तालुका मुळशी, पण तहसील कचेरी पौडला. दाखल्यासाठी नाहीतर फेरफारासाठी तिथे किंवा कुठल्याही तहसिलीत गेलेल्या माणसाला एक उत्तर हमखास मिळतं: ‘साहेब व्हीसीत आहेत.’ आज ही व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, बाकीच्या डेटाच्या गर्दीतूनच धावते. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी लाइन अडवून ठेवावी लागे.

ती लाइन म्हणजे आयएसडीएन. एक वाहिनी सेकंदाला ६४ किलोबिटांची; दोन जोडल्या की १२८, सहा जोडल्या की ३८४. १९९० च्या एच.२६१ मानकाने चित्र आवळलं तेही याच ६४ च्या पटीत बसेल असं. चित्रातला बदललेला भाग तेवढा पाठवायचा, ही त्यातली युक्ती. म्हणून कोणी हातवारे केले की पडद्यावर चौकोन उमटत. समोरचा गप्प बसला तरी वाहिनी अडलेली आणि बिल चालूच.

असल्या तारेवर साक्ष चालेल का, हा वाद मुंबईत पेटला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घ्यायला खालच्या कोर्टाने १९९९ मध्ये परवानगी दिली, उच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती रद्द केली. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ खटल्यात निकाल फिरवला आणि साक्ष विदेश संचार निगमच्या कार्यालयात नोंदवायला सांगितलं. पडद्यावरचं ते आभासी, या युक्तिवादाला न्यायमूर्तींनी विश्वचषकाचा दाखला दिला: सामने बघायला दक्षिण आफ्रिकेला जावं लागत नाही, घरच्या टीव्हीवर दिसतो तो खेळ खराच असतो. त्या स्पर्धेचा अंतिम सामना नुकताच, २३ मार्चला झाला होता. कायद्याच्या पुस्तकात इतकं ताजं क्रिकेट क्वचितच सापडेल!

तोवर तंत्र बदलू लागलं होतं. १९९६ च्या एच.३२३ ने व्हीसी संगणकांच्या जाळ्यावर आणली आणि राखीव लाइन गेली. आता चित्राच्या डेटाचे तुकडे, म्हणजे पाकिटं, ईमेल, फाइली यांच्याबरोबर रेटारेटी करतात. ईमेलचं पाकीट हरवलं तर पुन्हा मागवता येतं. चेहऱ्याचं उशिरा येऊन उपयोग काय? ते बहुधा सोडूनच देतात. साहेबांचं वाक्य मधेच तुटतं ते त्यामुळेही.

मार्च २०२० नंतर शाळाही व्हीसीवर आल्या. मोबाइलचं जाळं मुख्यतः बघणाऱ्यांसाठी आखलेलं. व्हीसीत मात्र प्रत्येकाला स्वतःचं चित्र वरही पाठवावं लागतं. रेंज तुटपुंजी असेल तिथे ‘कॅमेरा बंद करा’ हाच उपाय, कारण नुसत्या आवाजाला आज तीसेक किलोबिट पुरतात, म्हणजे आयएसडीएनची निम्मी वाहिनी.