ऑपेरा हाऊस, पण ऑपेरा धाकट्या हॉलात

शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा मेल आला, रिक्वायरमेंट 'थोडीशी' बदलली आहे. थोडीशी म्हणजे काय ते आयटीवाल्यांना सांगायला नको. वैतागून घरी आलो आणि शनिवारभर सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा इतिहास वाचत बसलो. वाचून जरा बरं वाटलं!

न्यू साउथ वेल्सच्या सरकारने १९५६ मध्ये आराखड्यांची स्पर्धा घेतली. मागणी अशी: दोन सभागृहं, मोठ्यात ३००० ते ३५०० माणसं, धाकट्यात साधारण १२००. मोठ्यात सिंफनीही व्हायला हवी आणि ऑपेराही. कागदावर हे एका ओळीत मावतं, पण दोघांचं गोत्र वेगळं. सिंफनीला स्वर सभागृहात जरा रेंगाळायला हवा, नाहीतर वाद्यवृंद कोरडा वाटतो. ऑपेरात तो तेवढाच रेंगाळला तर गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. शिवाय नेपथ्य वर ओढून घ्यायला रंगमंचावर प्रचंड उंची हवी, वादकांसाठी समोर खड्डा हवा. हे भांडण मिटवायचं कुणी? तर स्पर्धा जिंकेल त्याने!

जानेवारी १९५७ मध्ये २३३ प्रवेशिकांतून डेन्मार्कचा योर्न उटझॉन जिंकला. त्याची ती शिडांसारखी छपरं उभी कशी राहणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रीमियर जो केहिल यांना धास्ती, सरकार बदललं की प्रकल्प गुंडाळला जाईल. म्हणून मार्च १९५९ मध्ये काम सुरूसुद्धा झालं. (केहिल त्याच वर्षी वारले. त्यांची घाई चूक होती असं मला म्हणवत नाही. थांबले असते तर बहुधा काहीच उभं राहिलं नसतं.) पुढे छपराचं गणित सुटलं, तेव्हा आधी बांधलेले खांब कमी पडले.

फेब्रुवारी १९६६ मध्ये नव्या सरकारशी पैशांवरून बिनसून उटझॉनने काम सोडलं. मग एबीसी ही सरकारी प्रसारण संस्था, म्हणजे मोठ्या हॉलची मुख्य वापरकर्ती, अडून बसली: आम्हाला हॉल फक्त संगीतासाठी हवा. १९६७ मध्ये सरकारने ते मानलं. बसवलेली रंगमंचाची यंत्रं उखडली आणि ऑपेराची रवानगी धाकट्या हॉलात झाली, जिथला वादकांचा खड्डा कायम अपुराच पडला. १९७३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा ७० लाख डॉलरच्या अंदाजाचे १० कोटी २० लाख झाले होते.

उटझॉन २००८ मध्ये गेला. पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही.

असो. सोमवारी क्लायंटला फोन करायचाय. मोठा हॉल नक्की कुणासाठी, ते आधी विचारतो.