ऑनलाइन समुपदेशन : मनातले आपल्या भाषेत सांगण्याची सोय

इंदूर शहरातील खजराना येथील गणेश मंदिरात एक प्रथा आहे. मनात इच्छा धरून आलेले भाविक मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढतात आणि इच्छा पूर्ण झाली की पुन्हा येऊन ते सुलटे काढतात. गोव्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तशीच ही रीत. मनातली गोष्ट कुणापुढे तरी मांडली की भार हलका होतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. मात्र काही गोष्टी नवसाच्या चौकटीत बसत नाहीत. नोकरीतली रोजची धास्ती, घरात कुणालाच न सांगता येणारा राग, कारण कळत नसताना दाटून येणारे रडू, पहाटेपर्यंत न लागणारी झोप, या गोष्टी ऐकून घेऊन त्यांवर उलट प्रश्न विचारणारे माणूसच लागते.

खजरान्यात भाड्याने राहून नोकरी करणारी एखादी मराठी तरुणी डोळ्यांसमोर आणा. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. तरी शहराचा आजचा व्यवहार हिंदीत चालतो. कार्यालयात ती सफाईने हिंदी बोलते. पण वडिलांच्या आजारपणात आपण जवळ नव्हतो, ही बोच सांगायला गेली की शब्द अडतात. ‘घुसमट’, ‘हुरहुर’, ‘कानकोंडे होणे’ यांना तिच्याजवळ दुसऱ्या भाषेत जोड नाही. गोव्यात अडचण वेगळी. इथे आपली भाषा समजणारे पुष्कळ, पण ओळखीचे चेहरेही तितकेच. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या फाटकात कुणी पाहिले तर संध्याकाळपर्यंत वाड्यावर चर्चा होईल, या भीतीने अनेक जण उंबरठ्यावरूनच मागे फिरतात. ऑनलाइन थेरपीचे खरे मोल या दोन अडचणींत आहे. परगावी राहणाऱ्याला ती आपली भाषा मिळवून देते आणि लहान राज्यात राहणाऱ्याला आडोसा.

या आडोशाची गरज किती मोठी आहे, हे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून कळते. देशातील सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि नैराश्य व चिंता यांसारख्या सामान्य विकारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

थेरपीत नेमके काय घडते?

थेरपी म्हणजे उपदेश नव्हे. ‘फार विचार करू नकोस’ हा सल्ला घरचेही देतात. थेरपिस्ट आधी ऐकतो, मग प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, उमटलेली भावना आणि केलेली कृती या चार गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. वरिष्ठांनी संदेशाला उत्तर दिले नाही, हा प्रसंग. ‘माझे काहीतरी चुकले’, हा विचार. धडधड आणि भीती, ही भावना. रात्रभर फोन तपासत राहणे, ही कृती. हा क्रम कागदावर उतरला की कोणत्या टप्प्यावर बदल शक्य आहे, ते दिसू लागते. सत्र साधारण 45 ते 50 मिनिटांचे, बहुधा आठवड्यातून एकदा असते आणि दोन सत्रांच्या मध्ये करायचा गृहपाठही दिला जातो.

बोलण्याच्या उपचाराचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातच मिळाले आहे. ‘संगत’ या संस्थेने राज्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे घेतली. सुटून गेलेली छोटी कामे, चालणे, भेटीगाठी दिनक्रमात पुन्हा आणणे, हा त्यांचा गाभा होता. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारासोबत ही सत्रे मिळालेल्या गटातील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. पुढे हीच पद्धत मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना डिजिटल प्रशिक्षणातून शिकवण्यात आली. गोव्यात तपासलेली रीत अशी इंदूरच्या शेजारपर्यंत पोहोचली आहे.

कुणाकडे जावे?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काहीच नाही. समुपदेशकाचे शिक्षण, अनुभव आणि त्याला कोणाचे मार्गदर्शन आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. शुल्क, सत्र रद्द करण्याचा नियम आणि भाषा यांचीही आधीच खात्री करावी. संकेतस्थळावर ‘मराठी’ लिहिलेले असले तरी पाच मिनिटे बोलून पाहिलेले बरे. ‘आठ दिवसांत चिंता कायमची घालवू’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

मोबाइलवर उत्तरे देणारा संगणकीय कार्यक्रम म्हणजे थेरपिस्ट नव्हे. जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ हा असा पहिला संवादी कार्यक्रम लोकांसमोर आणला, तेव्हा माणसे त्याच्यापुढे मन मोकळे करू लागलेली पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले होते.

गुप्तता आणि एकांत

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा या हक्काला अपवाद केला जातो. तो कोणता, हे थेरपिस्टने सुरुवातीलाच सांगायला हवे. ॲप वापरत असाल तर संभाषण साठवले जाते का आणि ते कोण पाहू शकतो, हे वाचून घ्यावे.

कायद्याइतकाच घरातला एकांतही महत्त्वाचा. एका खोलीत चौघे राहत असतील तर गच्ची, उभी केलेली गाडी किंवा घरचे बाहेर असण्याची वेळ निवडता येते. कानात इयरफोन असावा आणि दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. व्हिडिओ नको असेल तर फोनवर बोलता येते. सत्राआधी आठवड्यातले दोन प्रसंग वहीत टिपून ठेवावेत. तीन-चार सत्रांनंतरही आपले म्हणणे पोहोचत नाही असे वाटले, तर तसे स्पष्ट सांगावे आणि गरज पडल्यास थेरपिस्ट बदलावा.

कुठे थांबावे?

आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणे, भास होणे, अनेक दिवस झोप व जेवण सुटणे, व्यसनाचा विळखा किंवा घरात मारहाण होत असणे, अशा स्थितीत पडद्यावरचे साप्ताहिक सत्र पुरेसे नाही. तिथे प्रत्यक्ष उपचार आणि जवळच्या माणसाची सोबत हवी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास, मोफत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. तातडीच्या प्रसंगातच नव्हे, कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तरीही हा क्रमांक फिरवता येतो.

ज्याला लोक आजार म्हणत नाहीत, असे दुःखही ऐकून घेण्याजोगे असते. ते सांगायला रुग्णाचा शिक्का लागावा लागत नाही. देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या आपल्या माणसांना हे नव्याने शिकवायला नको. त्या गाऱ्हाण्याला उत्तर देणारा जाणकार माणूस आता आपल्याच भाषेत, हातातल्या फोनवर गाठता येतो, एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे आहे.