मुंबईची वाढ व आपली वस्ती : एक ऐतिहासिक समालोचन



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आम्हीं कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहावा, अशी महोत्सव समितीची सूचना आली, तेव्हां आपल्या देवळाचाच इतिहास लिहिण्याचा आमचा प्रथम बेत होता. परंतु बाप्तिस्म्याचीं व लग्नाचीं जुनीं पुस्तकें चाळतां चाळतां असें दिसून आलें कीं, पन्नास वर्षांपूर्वीं येथें आलेल्या कुटुंबांपैकीं बहुतेक कुटुंबें दुसऱ्या कोठून तरी उठून आलेलीं आहेत. कोणी गिरगांवच्या वाडींतून, कोणी माझगांवहून, कोणी परळ-लालबागच्या चाळींतून. आणि सन १९७२ च्या दुष्काळानंतर त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतूनही कित्येक लोक पोटासाठीं येथें आले. तेव्हां एका देवळाची हकीकत सांगण्यापूर्वीं या शहरानें माणसांस व देवळांस वेळोवेळीं कसें हलविलें, हें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटलें. शिवाय सांप्रत आपल्या कित्येक सोसायट्यांपुढें पुनर्विकासाचे कागद सहीसाठीं येऊन पडले आहेत. अशा वेळीं मागील पिढ्यांचा अनुभव केवळ मनोरंजनाचा विषय राहत नाहीं, तो उपयोगाचा होतो.

मुंबई हीं मूळचीं सात बेटें. सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईच्या तहान्वयें तीं पोर्तुगीजांस दिलीं. सन १६६१ च्या विवाहाच्या करारानें तीं इंग्लंडच्या राजाकडे गेलीं. आणि सन १६६८ मध्यें राजानें तीं वर्षाकाठीं १० पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलीं. माहीमचें सांत मिंगेल व दादरचें तारणमातेचें देऊळ हीं पोर्तुगीज अमदानींतील स्थानें आजही त्याच परिसरांत उभीं आहेत, जरी त्यांच्या इमारती पुनः पुनः नव्यानें बांधाव्या लागल्या. परंतु सर्वांच्याच नशिबीं असें स्थैर्य नव्हतें.

आशामातेच्या देवळाची गोष्ट पाहा. कोटाबाहेरच्या मैदानांत, कोळी व इतर ख्रिस्ती लोकांच्या वस्तीजवळ हें देऊळ होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचांच्या हल्ल्याची भीति उत्पन्न झाली, तेव्हां तटावरील तोफांच्या माऱ्यास आड येणारें सर्व कांहीं दूर करण्याचें कंपनी सरकारनें ठरविलें. झाडें गेलीं, घरें गेलीं, आणि देऊळही पाडण्यांत आलें. त्याच्या मोबदल्यांत उत्तरेस काळबादेवी-भुलेश्वराच्या बाजूस नवें देऊळ उभें राहिलें. आज ज्याला क्रॉस मैदान म्हणतात त्या मैदानावरील क्रूस त्या जुन्या देवळाची आठवण आहे, असें परंपरेनें सांगतात. लोक जवळच्या कावेल वस्तींत राहिले; 'कावेल' हें नांवच मुळीं कोळ्यांच्या वाडीवरून आलें असावें, असें इतिहासकार समजतात. सारांश, मुंबईंतील ख्रिस्ती वस्तीच्या स्थलांतरास आज आरंभ झालेला नाहीं; त्याला अडीच शतकांहून अधिक काळ लोटला आहे.

माझगांवच्या ग्लोरिया देवळाचीही हीच कथा. सन १६३२ मध्यें डिसोझा इ लिमा या घराण्यानें माझगांवांत बांधलेलें हें देऊळ विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडण्यांत आलें. आणि सन १९१३ मध्यें भायखळ्यास आज दिसते ती उंच मनोऱ्याची नवी वास्तु पूर्ण झाली. नांव तेंच राहिलें, जागा बदलली.

यानंतर शहराची वाढ झपाट्यानें झाली. सन १८४५ मध्यें माहीम व वांद्रें यांस जोडणारा बांध पुरा झाला. सन १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. पुढील वर्षीं ताडदेवास कावसजी दावर यांच्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. सन १८६१ पासून चार वर्षें अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां कोटाचे जुने तट पाडले गेले. सन १८६४ च्या गणतींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. सन १८६५ मध्यें कापसाचा बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि १८७२ च्या शिरगणतींत हाच आंकडा ६,४४,४०५ वर आला. तथापि गिरण्या वाढत गेल्या, आणि कोंकण, देश व गोवें येथून माणसें येत राहिलीं. त्यांच्यासाठीं चाळी उठल्या, परंतु त्या चाळींत हवा, उजेड व गटारें यांचा विचार क्वचितच झाला.

या दुर्लक्षाची भरपाई सन १८९६ मध्यें भरावी लागली. त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवीच्या धान्याच्या वखारींजवळ एक चमत्कारिक ताप पसरूं लागला. हा ताप म्हणजे गांठीचा प्लेग होय, हें प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे आपल्यापैकींच, म्हणजे गोमंतकीय कॅथलिक होते. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे, आणि कावेलच्या रस्त्यास आज त्यांचेंच नांव आहे. लाखों लोक शहर सोडून पळाले. घरोघर तपासणी झाली; राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा खुणा रंगविल्या गेल्या. डॉक्टर हाफकीन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत राहून जानेवारी १८९७ मध्यें प्लेगची लस सिद्ध केली. वांद्रें व इतर गांवठाणांत त्या काळीं लोकांनीं नवस म्हणून वा कृतज्ञतेनें उभारलेले कित्येक क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. सन १८९१ मध्यें ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या सन १९०१ मध्यें ७,७६,००६ झाली. या आंकड्यांमागें किती घरें रिकामीं झालीं असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

प्लेगच्या धक्क्यानें सरकार जागें झालें व सन १८९८ मध्यें मुंबई सुधारणा मंडळ, ज्यास लोक इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत, तें स्थापन झालें. त्यास सक्तीनें जमीन घेण्याचा अधिकार होता. नागपाड्याची दाट वस्ती फोडण्यांत आली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते समुद्राची हवा शहरांत यावी म्हणून जुन्या वस्त्या कापून काढण्यांत आले. दादर, माटुंगा व शीव येथें शेतांवर नवीं उपनगरें आंखण्यांत आलीं. मंडळाचे एक अध्यक्ष ऑर यांचा एक नियम फार प्रसिद्ध आहे. समोरासमोरील इमारतींमध्यें इतकी जागा मोकळी असावी कीं, साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेनें आकाशाचा उजेड तळमजल्याच्या खोलींतही पोहोंचावा. म्हणजे व्यवहारांत, इमारतीची उंची मध्यंतरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. आजचे मनोरे पाहतां हा नियम आठवून आम्हांस किंचित् हंसूं येतें, आणि मग हंसूं येईनासें होतें.

मंडळाचा हेतु चांगला होता, यांत संशय नाहीं. परंतु त्याचा एक दोष आपण लक्षांत ठेविला पाहिजे. घर पाडणें सोपें असतें व घर देणें कठीण असतें. ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, त्यांतील पुष्कळांस नव्या इमारतींचें भाडें परवडलें नाहीं. ते शेजारच्या जुन्या वस्तींत जाऊन दाटीनें राहिले, व जी दाटी मोडावयाची होती ती दुसऱ्या गल्लींत जाऊन बसली. सन १९३३ मध्यें हें मंडळ महापालिकेंत विलीन झालें.

याच काळांत आपल्या लोकांनीं एक निराळा मार्गही दाखविला. केवळ सरकारच्या तोंडाकडे न पाहतां सन १९१८ मध्यें वांद्र्यास साष्टीच्या कॅथलिकांनीं सहकारी गृहसंस्था काढली. सर्वांनीं मिळून जमीन घ्यावी, भूखंड पाडावे, आणि आपल्या ऐपतीप्रमाणें घरें बांधावीं, असा हा क्रम. माणसें हललीं, परंतु एकत्र हललीं. त्यामुळें शेजार मोडला नाहीं, प्रार्थना मोडली नाहीं. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील हा सर्वांत मोलाचा धडा आहे.

पुढील भाग वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. सन १९२० मध्यें गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत विकास खातें निघालें, व वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें बी. डी. डी. चाळी उठल्या. सन १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकऱ्यास निवारा मिळाला. परंतु गोठलेल्या भाड्यांत दुरुस्ती होईना, व इमारती खचत गेल्या. सन १९५० व १९५७ मध्यें उपनगरें महापालिकेच्या हद्दींत आलीं. सन १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगारांचें जीवन त्यांत भरडलें, आणि गिरण्यांच्या जमिनींवर कालांतरानें मनोरे उठले. सन १९९१ च्या विकास नियमावलीनें जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस जादा चटईक्षेत्राचें आमिष जोडलें. तेव्हांपासून 'पुनर्विकास' हा शब्द आपल्या घरांत शिरला.

यांत लाभही झाला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. एकशें साठ चौरस फुटांच्या खोलींत तीन पिढ्या काढलेल्या वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें पांचशें चौरस फुटांचीं नवीं घरें मिळालीं. सार्वजनिक शौचकूपाबाहेर रांगेंत उभें राहिलेल्या मातेस जुन्या चाळीची थोरवी सांगणें, हें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु दुसरी बाजूही आहे. गिरगांवच्या खोताच्या वाडींतील लांकडी जिन्यांचीं, पडवीचीं घरें एकामागून एक नाहींशीं होऊन पूर्वींच्या निम्म्याहूनही कमी उरलीं आहेत. माझगांवची म्हातारपाखाडी, जेथें सन १८६४ मध्यें लोकमान्यांचे सहकारी व पुढें मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा जन्मले, तीही आज उंच इमारतींच्या छायेंत अंग चोरून उभी आहे.

येथें आम्हांस आपला एक दोष कबूल करावयाचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतां तेथील एका वाडीचे लोक कागद घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "फादर, सही करावी कीं न करावी?" हा ऐहिक व्यवहार आहे, यांत धर्मगुरूनें पडूं नये, असें सांगून आम्हीं त्यांस परत पाठविलें. त्यांनीं सह्या केल्या. दोन वर्षांत घर देण्याचा करार होता, तो सात वर्षांवर गेला. मधल्या काळाचें भाडें कांहीं महिन्यांनीं थांबलें. कोणी विरारास गेले, कोणी बदलापुरास. ज्या क्रुसापुढें ते मे महिन्यांत माळेची प्रार्थना करीत, तो पत्र्याच्या कुंपणाआड गेला. त्यांपैकीं एक वृद्ध विधवा नव्या घराच्या चावीची वाट पाहतां पाहतां भाड्याच्या खोलींत वारली, आणि तिच्या मयताच्या मिसेस तिच्या जुन्या शेजाऱ्यांपैकीं केवळ चौघे हजर होते. त्या दिवसापासून घर हा केवळ ऐहिक व्यवहार आहे, असें आम्हीं पुनः कधीं म्हटलें नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या धर्मबांधवांस आमची विनंती अशी आहे. पुनर्विकासास आंधळेपणानें 'होय' म्हणूं नये, व आंधळेपणानें 'नाहीं'ही म्हणूं नये. सहकारी कायद्याच्या ७९-अ कलमाखालीं सन २००९ मध्यें व पुनः ४ जुलै २०१९ रोजीं शासनानें कार्यपद्धति घालून दिली आहे; ती सोसायटीच्या सभेंत मराठींत वाचून घ्यावी. बँकेची हमी, मधल्या काळाचें भाडें, ताबा देण्याची मुदत, हे मुद्दे तोंडी आश्वासनावर सोडूं नयेत. घराच्या कागदावर पत्नीचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. नव्या इमारतीचा उद्वाहक व देखभाल यांचा खर्च निवृत्त माणसास झेपेल कीं नाहीं, याचा हिशेब आधीं मांडावा. वाडींत क्रूस असेल तर त्याची जागा नकाशांत दाखवून घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वांद्र्याच्या त्या जुन्या मंडळींप्रमाणें एकजुटीनें चालावें; प्रत्येकानें आपल्यापुरता सौदा करूं नये. यासाठीं आपल्या धर्मग्रामाचें सभागृह कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्यांच्या सोसायटीस विनामूल्य खुलें राहील; आणि ज्यांस कागद वाचतां येत नाहींत, त्यांच्या शेजारीं बसून ते वाचण्यास आम्ही स्वतः तयार आहोंत.

आपला पिता आब्राहाम तंबूंत राहिला. इस्राएल लोकांनीं कराराचा कोश खांद्यावर घेऊन अरण्यांत मुक्काम बदलले. परंतु त्यांनीं तो वाटेंत कधीं टाकला नाहीं. आशामातेचें देऊळ मैदानांतून उठलें, ग्लोरियाचें माझगांवाहून उठलें, आणि आपण स्वतः गिरगांव, परळ व नगर सोडून येथें आलों. भिंती पुनः पडतील, पुनः उठतील. ज्यांनीं या पन्नास वर्षांत एकमेकांचीं लेंकरें बाप्तिस्म्यास नेलीं व एकमेकांच्या मयतास खांदा दिला, ती मंडळी नव्या इमारतींतही एकमेकांचें दार ठोठावीत राहोत, एवढीच या महोत्सवाच्या दिवशीं प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.

आपला नम्र धर्मगुरु