आधी देणे, मग वाटणी

मृत्युपत्राचा विषय जेवणाच्या टेबलावर काढला की कोणीतरी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणतेच. तरी यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय धरला. आपल्या मंडळातली साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेली पिढी आता हळूहळू मावळते आहे आणि त्यांच्या घरची कागदपत्रे लावण्याचे काम आमच्या पिढीकडे येत आहे. मी संगणकवाला, वकील नव्हे. एम.एस्सी.साठी इंग्लंडात आलो आणि इथलाच झालो. पण इतिहासाचा नाद जुना, आणि 'मेलेल्या माणसाचे देणे कोणी फेडायचे' या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेदार आहे.

सुरुवात पुण्यापासूनच करू. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. वीस वर्षांच्या मोहिमांनी मराठी राज्य वाढले आणि त्याबरोबर पेशव्यांच्या डोक्यावरचे कर्जही लाखांनी वाढले. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना (हे स्वामी स्वतःही सावकारी करत) लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सावकारांच्या तगाद्याचे रडगाणे गायले आहे. रणात न हरलेला हा माणूस धनकोंपुढे मात्र मेटाकुटीला आला होता. त्या धनकोंपैकी एक बारामतीचे बाबूजी नाईक. बाजीराव गेल्यावर त्यांनी थेट पेशवेपदच मागितले, आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू उचलली. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली, तेव्हा नाईकांनी दुसरे हत्यार काढले: वडिलांचे देणे टाका! एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांना त्यातून सोडवले ते महादोबा पुरंदऱ्यांनी, स्वतःची पत पणाला लावून. पुढे १७७२ मध्ये थेऊरला माधवराव अखेरच्या दुखण्यात होते, तेव्हा त्यांनी केलेल्या कलमबंद यादीतही कर्ज फेडण्याचे कलम आहेच.

"बापाचे कर्ज, मला काय त्याचे?" असे नानासाहेब म्हणू शकत नव्हते, कारण शास्त्र तसे म्हणू देत नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे पित्याचे ऋण पुत्र-पौत्रांनी फेडायचे. बृहस्पतीने त्यात प्रतवारी लावली: बापाचे कर्ज व्याजासकट, आजोबांचे फक्त मुद्दल. मात्र दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यांपायी केलेले कर्ज किंवा न भरलेला दंड मुलाच्या गळ्यात पडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांना बाप लोकांची चांगलीच पारख होती म्हणायची! शास्त्राचा दुसरा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जो 'रिक्थग्राह', म्हणजे जो मयताची मालमत्ता घेतो, त्याने त्याचे देणेही घ्यावे.

या कसोटीवर कंपनी सरकारला घासून पाहा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि राणी लक्ष्मीबाईंना महिना पाच हजारांची नेमणूक दिली. वर फर्मान काढले की गंगाधररावांचे देणे या नेमणुकीतून कापून घ्यावे. राणीने हरकत घेतली: देणे राज्याचे आहे, राज्य तुम्ही घेतले आहे. ही तक्रार केवळ भावनेची नव्हती. ती शास्त्राला धरून होती आणि, गंमत म्हणजे, इंग्रजी न्यायालाही धरून होती.

कारण इंग्रजी न्यायाचा गाभाही तोच आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या २६ व्या कलमात म्हटले आहे की राजाचा मांडलिक मेला तर आधी राजाचे देणे वळते करायचे, आणि उरलेले मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी एक्झिक्युटरच्या हाती द्यायचे. म्हणजे इथे देणे मुलाच्या अंगाला चिकटत नाही, ते मयताच्या मालमत्तेला चिकटते. पण म्हणून इंग्रज फार न्यायी होते असे समजू नका. जमीनदाराने शिंप्याची आणि वाण्याची उधारी थकवली आणि तो मेला, तर त्याच्या जमिनीला हात लावता येत नसे. मुलगा वाडा-शेते घेऊन मजेत राही आणि शिंपी हात चोळत बसे. ही पळवाट पुरती बुजली १८३३ च्या कायद्याने. थोरामोठ्यांची सोय वेगळीच. १८०६ मध्ये पंतप्रधान धाकटा पिट कर्जबाजारी मेला, तेव्हा पार्लमेंटने सरकारी तिजोरीतून ४०,००० पौंड मंजूर करून त्याचे देणे वारले.

हे दोन न्याय आमनेसामने आले ते मुंबई इलाख्यात. तिथली न्यायालये शास्त्राला इतकी घट्ट धरून होती की बापाकडून फुटकी कवडी मिळाली नसली तरी मुलाला जबाबदार धरत. १८६६ च्या मुंबईच्या सातव्या कायद्याने ठरवले की वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. त्यात आणखी एक कलम होते: विधवेशी विवाह करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचे देणे केवळ त्या विवाहामुळे येणार नाही. शास्त्रात तसे देणे होते, हे त्यावरून कळते.

कायदा झाला, पण गावात तो पोचला का? सावकार तेराव्यानंतर मुलाला बोलावून जुन्या खताऐवजी त्याच्या नावाचे नवे खत करून घेई. अंगठा उठला की बापाचे कर्ज मुलाचे स्वतःचे होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा पेटला आणि पुढे गावोगाव खतांच्या होळ्या झाल्या, त्यामागच्या कारणांत हे वडिलोपार्जित कर्जही होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पुत्राचे 'धार्मिक कर्तव्य' कायद्यातून गेले ते अगदी अलीकडे, ९ सप्टेंबर २००५ पासून. तेही त्यानंतरच्या कर्जांपुरतेच.

आता आपल्या दाराशी. मंडळातल्या एका काकांनी मला एक्झिक्युटर नेमले होते. ते गेल्यावर महिनाभरातच कोल्हापूरहून पुतण्याचे फोन सुरू झाले, "पैसे कधी पाठवताय?" चौथ्या फोनला सूर बदलला, "पैसे वापरताय की काय?" त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. इंग्लंड-वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा वेगळा) आधी अंत्यविधीचा आणि कारभाराचा खर्च, मग सर्व देणी, आणि मग वाटणी. गहाणवट असलेल्या घरावर बँकेचा हक्क राहतोच. कळलेले देणे बाजूला ठेवून एक्झिक्युटरने वाटणी केली, तर धनको त्याच्या स्वतःच्या खिशाला हात घालू शकतो. न कळलेल्या देण्यांपासून बचाव म्हणून १९२५ च्या ट्रस्टी ॲक्टच्या २७ व्या कलमाप्रमाणे 'लंडन गॅझेट'मध्ये नोटीस द्यायची आणि किमान दोन महिने थांबायचे. हे गॅझेट १६६५ पासून निघते आहे, म्हणजे पुरंदरच्या तहाच्या वर्षापासून! तिथे काकांचे मराठी आडनाव छापलेले पाहून जरा गंमतच वाटली.

याच्या उलट अनुभव दुसऱ्या एका घरचा. वडील गेले, मागे शिल्लक काही नाही, फक्त त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या क्रेडिट कार्डांचे देणे. मुलगा जामीन नव्हता, संयुक्त खाते नव्हते, म्हणजे कायद्याने तो एक पैसाही लागत नव्हता. हे मी त्याला आकडे मांडून सांगितले. इथेच जन्मलेला, मराठी मोडकेतोडके बोलणारा पोरगा. त्याची आई म्हणाली, "ह्यांच्या नावावर बाकी नको रे." त्याने दरमहा हप्ता बांधून घेतला. शेवटचा हप्ता फेडायला त्याला चार वर्षे लागली.

काकांच्या बाबतीत दोन महिन्यांत दोनच मागण्या आल्या, एक कौन्सिलची आणि एक गॅस कंपनीची. दोन्ही भागवल्या आणि उरलेली रक्कम कोल्हापूरला रवाना केली. सोबत हिशेबाचा कागद जोडला, पै-पैचा. पुतण्याचा फोन त्यानंतर आलेला नाही.