गुलामगिरी व वर्णभेद यांवरील मराठी बालसाहित्याची निवड

गुलामगिरी व वर्णभेद यांवरील बालसाहित्याची निवड हा बालवाचन आणि ग्रंथालयव्यवहार यांतील एक विषय आहे. अन्यायाचा इतिहास कोणत्या वयात, कोणाच्या तोंडून आणि किती तपशिलात सांगावा, हा यातील मुख्य प्रश्न होय. मराठीत ‘वर्ण’ या शब्दाला रंग आणि चातुर्वर्ण्य असे दोन्ही अर्थ असल्यामुळे येथे वर्णभेदाची चर्चा जातिभेदापासून फारशी वेगळी काढता येत नाही.

पार्श्वभूमी
महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि अमेरिकेतील गुलामांची स्थिती ही तुलना तेव्हापासून मराठी विचारविश्वात रुजली. त्याआधी, १८५५ साली, फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झाले होते. निबंध मोठ्यांसाठी छापला गेला, तरी तो एका शाळकरी मुलीचा आहे. बालवाचकांसाठी निवड करताना तो सहसा विसरला जातो.

एक होता कार्व्हर
या विषयावरील मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१, राजहंस प्रकाशन) या चरित्राची गणना होते. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात गुलामगिरीत झाला. तान्ह्या वयातच त्यांना व त्यांच्या आईला पळवून नेण्यात आले. मालकाने एक घोडा देऊन बालकाला परत मिळवले. आईचा शोध लागला नाही. पुढे कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला. १८९६ पासून मृत्यूपर्यंत (१९४३) त्यांनी टस्कीगी येथे अध्यापन व संशोधन केले.

शाळांतून हे पुस्तक बहुधा चिकाटी, शेती आणि भुईमुगावरील संशोधन यांसाठी सुचवले जाते. असे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गुलामगिरी ही नायकाने ओलांडलेली एक अडचण एवढीच उरली, तर जे ती ओलांडू शकले नाहीत त्यांच्याकडे प्रतिभा वा कष्ट कमी होते, असा समज मुलांच्या मनात राहू शकतो. त्यामुळे आईचे काय झाले असेल, हा प्रश्न वर्गात विचारला जाणे महत्त्वाचे ठरते.

मलिक अंबर
प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावातील मुलांना गुलामगिरी हा दूर देशातला विषय वाटण्याचे कारण नाही. त्यांच्याच जिल्ह्यातील अहमदनगर ही निजामशाहीची राजधानी होती आणि या राज्याचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) हा इथिओपियात जन्मलेला, बालपणी विकला गेलेला गुलाम होता. अनेक हातांतून तो दख्खनेत आला, पुढे मुक्त झाला आणि मोगलांशी दीर्घकाळ झुंजला. जहांगीर बादशहा त्याच्या रंगावरून त्याची हेटाळणी करीत असे. अंबरच्या छिन्न मस्तकावर जहांगीर बाण मारीत आहे, असे अबुल हसन याने काढलेले चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. तसा प्रसंग प्रत्यक्षात कधीच घडला नाही.

मात्र अंबरची कथा मुलांना देताना एक भेद स्पष्ट करावा लागतो. दख्खनेतील हबशी सैनिक-गुलामाला सत्तेपर्यंत पोहोचण्याची वाट क्वचित का होईना खुली होती. अमेरिकेतील कापसाच्या मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना ती नव्हती. दोन्हींना ‘गुलाम’ हा एकच शब्द असल्याने गल्लत होते.

निवडीतील प्रश्न
अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलाम स्वयंपाक्याला हसतमुख दाखवणारे एक चित्रपुस्तक टीकेनंतर जानेवारी २०१६ मध्ये प्रकाशकाने बाजारातून मागे घेतले. लहानांना भय वाटू नये म्हणून केलेले सौम्यीकरण कोठे असत्य ठरते, याचे ते नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. मराठीत हाच प्रश्न ‘श्यामची आई’बाबत विचारता येतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात आई श्यामला महार वृद्धेच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास सांगते. प्रसंग हृद्य आहे, परंतु तो मदत करणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला आहे. त्याच्या जोडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलेला १९०१ मधील बालपणीचा प्रवास ठेवल्यास चित्र पालटते. मसूर स्थानकावर उतरलेल्या भावंडांची जात कळताच त्यांना गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणीही मिळेना. हा प्रसंग ‘भीमायन’ (२०११) या इंग्रजी चित्रग्रंथात दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रेखाटला आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तो समजतो, कारण त्यातील भीती आणि तहान त्यांच्याच वयाची आहे.

जुन्या अनुवादांतील ‘निग्रो’ हा शब्द हा आणखी एक वादाचा मुद्दा. तो बदलल्यास त्या काळाची भाषा पुसली जाते, तसाच ठेवल्यास मुले तो उचलतात. म्हणून शब्द कायम ठेवून खाली टीप देण्याचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.