परक्याच्या हातातला वस्तरा

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव, आणि शेजारच्या जिल्ह्यात नांदेडचा हुजूरसाहिब. या दोन तीर्थांना जोडणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदे आहेत, तसे एक पद सेना न्हाव्याचेही आहे. ज्या पंथाने केसांना वस्तरा लावणे वर्ज्य मानले, त्याच्या ग्रंथात न्हाव्याची वाणी आदराने बसली आहे. एवढेच नव्हे, पहिल्या पंचप्याऱ्यांपैकी साहिबसिंग हे बिदरचे न्हावी होते, असे परंपरा सांगते. वस्तरा आणि सेफ्टी रेझर यांची तुलना करायला बसलो असता मला प्रथम हे आठवले, ते उगीच नव्हे. या दोन हत्यारांमध्ये अधिक चांगले कोणते, हा प्रश्न धारेचा म्हणून विचारला जातो. आपल्याकडे तो आधी माणसाचा होता. दाढी कोणाच्या हातून व्हायची, आणि तो हात कोणाला नाही म्हणू शकत होता?

आधी धारेविषयी. वस्तऱ्याचे पाते उघडे असते. त्वचेशी त्याचा कोन किती ठेवायचा, दाब किती द्यायचा, हे सारे मनगटाला ठाऊक असावे लागते. दुसऱ्या हाताची बोटे कातडी ताणून धरतात. अधूनमधून दगडावर धार लावायची आणि प्रत्येक दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवायचे. सेफ्टी रेझरमध्ये हे ज्ञान यंत्राच्या रचनेत गेले. वरची टोपी आणि खालची दातेरी पट्टी यांच्यामध्ये पातळ पाते किंचित वाकवून आवळले की कोन ठरून जातो आणि धार अगदी थोडीच बाहेर राहते. वापरणाऱ्याने फार शिकायचे उरत नाही. किंग कॅम्प जिलेटने या रचनेच्या पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज केला. कल्पना सोपी होती. अडचण होती ती पोलादाची इतकी पातळ पट्टी वेडीवाकडी न होऊ देता कठीण करण्याची. ती विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळाले, खप हजारोंवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात हे रेझर लाखांनी गेले.

आपल्याकडे मात्र वस्तरा हे सुटे हत्यार नव्हतेच. तो धोकटीत असे, आरसा, कातर, चिमटा आणि नखे काढायच्या नराणीसोबत. आणि धोकटी असे बलुत्याच्या व्यवस्थेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांव-गाडा’त ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. वारकाने वर्षभर घरोघरी हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. दर दाढीला दाम नाही. त्यामुळे गिऱ्हाईक नाही आणि दुकानही नाही. लग्नकार्यातली धावपळ, मशाल धरणे, अंग रगडणे हेही त्याच हातांचे काम. आणि उच्चवर्णीयाने श्मश्रू झाल्यावर स्नान करायचे, म्हणजे ज्याच्या हाती गळा निःशंक सोपवला त्याचाच स्पर्श धुऊन काढायचा. (आपल्या भाषेने एवढ्या नाजूक व्यवहारातून काय उचलले, तर ‘बिनपाण्याने हजामत’!)

महीपतींच्या ‘भक्तविजया’तील सेना न्हाव्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. राजाचे बोलावणे येते, सेना पूजेत असतो, उशीर होतो. तेव्हा देवच त्याचे रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजाकडे जातो आणि हजामत करतो. तेलाच्या वाटीत राजाला देवाचे प्रतिबिंब दिसते. कीर्तनात रंगते ती ही वाटी. पण कथेचा पाया निराळा आहे : बोलावणे आले की न्हाव्याला नाही म्हणता येत नाही. सेन्याने पूजा सोडली नाही, म्हणून कोणीतरी जाणे भाग होते. देव गेला.

नकाराची मुभा न्हाव्याला एका दिशेने मात्र पूर्ण होती. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. परंतु अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कोणी तयार नव्हता. थोरली बहीण भावंडांचे केस कापता कापता त्या कामात तरबेज झाली. गावाच्या उतरंडीत स्वतः खाली असलेल्या कारागिराला आपल्याहून खालच्याला नाकारण्याचा अधिकार मिळाला होता. जातीची रचना अशा लहान लहान अधिकारांवरच उभी राहते.

याच सुमारास, जरा आधी, १८९० मध्ये, मुंबईच्या न्हाव्यांनी वेगळा नकार दिला. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा निश्चय झाला. या घटनेला संपाच्या इतिहासात जागा मिळते, सुधारणेच्या इतिहासात कमी. माझ्या मते ती उलट मोजायला हवी. केशवपनाचे शास्त्रार्थ पुण्यामुंबईत पुष्कळ झाले, पण वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनी तो खाली ठेवणे हे शास्त्रार्थात बसत नव्हते. साताऱ्याचा नकार आणि मुंबईचा नकार एकाच हाताचे आहेत. हत्यार दुसऱ्याच्या हाती असल्याशिवाय दोन्ही शक्य नव्हते.

सेफ्टी रेझर आला आणि हा प्रश्नच वितळला. आरशासमोर उभा राहणारा माणूस कोणाचा मिंधा नाही. त्याला कोणी नाकारू शकत नाही, स्पर्शाचे स्नानही उरत नाही. तो सोबत नवी सवयही घेऊन आला. कचेरी, शाळा, पलटण यांच्या घड्याळाला रोजची दाढी हवी होती, वारकाच्या फेरीला ती कधीच परवडली नसती. आणि धान्याच्या जागी रोकड आली : टोपाझ, पनामा, अशोक या पात्यांच्या पुड्या किराणा दुकानात मिळू लागल्या. परंतु रेझरची एक मर्यादा विसरली जाते. तो दिवसा-दोन दिवसांचे खुंट काढतो; लांब केस त्याच्या फटीत अडकून बसतात. जावळ आणि दहाव्याचे मुंडण यांना वस्तराच लागतो. म्हणून रेझरने न्हाव्याकडून रोजची दाढी नेली. जन्ममरण त्याच्याकडेच राहिले.

नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ आंबेडकरांनी मुद्दाम व्यापक सांगितला : येणाऱ्या कोणालाही मालक आपली सेवा देऊ करतो ती जागा. न्हाव्याचे सलून या अर्थात आपसूक येते. साताऱ्यातल्या त्या बहिणीची आठवण हे सांगताना त्यांच्या मनात होती की नव्हती, कोण सांगणार? त्या वेळी हिंगोली हैदराबाद संस्थानात होती, आणि संस्थानची निजामी राजवट संपून दोनच महिने झाले होते. बलुत्यातल्या वारकाला ‘दुकान’ हे नाव मिळणे हा कायद्याचा प्रश्न होता तसा बसण्याच्या जागेचाही. ओट्यावर उकिडवे बसून होणारी हजामत खुर्चीवर आली, आणि खुर्चीवर पैसे देणारा कोणीही बसू शकतो. निदान कायद्याने.

आज हिंगोलीच्या कोणत्याही सलूनमध्ये जुना घडीव वस्तरा क्वचितच दिसेल. १९९० नंतर एड्सविषयीच्या जागृतीमुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा शिरस्ता पडत गेला, आणि वस्तऱ्याच्या आकाराच्या पोकळ पट्टीत पाते बसवण्याची पद्धत आली. म्हणजे धार सेफ्टी रेझरची, आणि मूठ, कोन, मनगट वस्तऱ्याचे. कारागीर कागदातच दुधारी पाते वाकवून कट्कन मोडतो आणि अर्धे पट्टीत सरकवतो. उरलेले अर्धे कागदासकट आरशाखालच्या फळीवर राहते, पुढच्या माणसासाठी. गिऱ्हाइकाचे लक्ष पाते मोडण्याकडे असते. ते मोडल्याचा आवाज ऐकल्यावर तो मान मागे टाकतो.